आठव्या प्रश्नाची टिक

चंद्रपूर, ७ जून

जुबेर,

फोन उचलत नाहीस, पण पोस्टमनला काही तू हाकलणार नाहीस. नागभीडच्या गॅरेजचा पत्ता मामूंच्या आरिफनं दिला. त्याच्यावर चिडू नकोस, मी त्याला दोनदा बिर्याणी खाऊ घालून तो काढून घेतला. आपण घरात कसंही बोलत असलो तरी शाळा दोघांची मराठीच होती, म्हणून मराठीत लिहिते. निदान 'वाचता आलं नाही' असं म्हणायला तुला जागा नको.

तू अम्मीला सांगितलंस, आपानं माझं नाव मालकाला विकलं. अम्मी हे वाक्य मला रोज भाजीसोबत वाढते. अब्बा पाण्याचा ग्लास माझ्यापुढे जरा जोरात ठेवतात. म्हणून एकदाचं काय झालं ते लिहून टाकते.

फेब्रुवारीत जंगलाच्या मोहर्ली दारावर सफारीच्या गाडीवाल्यांचं आरोग्य शिबिर होतं. आमची संस्था तिथं नशेच्या त्रासाची एक प्रश्नावली घेऊन आली होती. दहा प्रश्न, उत्तर हो किंवा नाही. तीन किंवा जास्त 'हो' आले तर डॉक्टरनं त्या माणसाला निवांत बसवून बोलायचं, एवढाच तिचा अर्थ. ती चाळणी आहे, निकाल नाही. आणि आमचं काम माणसं पकडण्याचं नव्हतंच. बाहेरच्या देशात तयार झालेली ही चाळणी आपल्या भागात नीट चालते का, तेच तपासायचं होतं. शिबिराला जागा आणि जेवण गाडीमालकांनी दिलं आणि बदल्यात तीन किंवा जास्त 'हो' असलेल्यांची यादी मागितली. उपचाराला पाठवू म्हणाले. आमच्या संस्थेनं ती देऊन टाकली.

तुझे तीन होते. तुझ्या मालकानं, गुणवंतरावांनी उपचार केला तो असा की मार्चच्या ऐन गर्दीत तुझ्याकडून जिप्सीची किल्ली काढून घेतली.

यात मी काय केलं ते सांग. प्रश्न विचारायचे ते विचारले, कागद द्यायचा तिथं दिला. पाठदुखीच्या त्या कॅप्सूल तू डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेत होतास, हे मी बनवून सांगितलं का? तीन म्हणजे तीन. यादी देणं चूक आहे असं मी तेव्हाच म्हणाले होते. हळू आवाजात म्हणाले, हे मान्य.

अम्मीसमोर तू मला जे बोललास ते मी विसरलेली नाही. तरी पत्र लिहिते आहे, यावरून काय ते समज.

आपा


चंद्रपूर, १९ जुलै

जुबेर,

उत्तर नाही. ठीक आहे. पत्र परतही आलं नाही, म्हणजे तू ते ठेवलंस. तेवढ्यावर मी दुसरं लिहायला बसले.

तुझ्याशी बोलण्यासारखं दुसरं कोणी नाही म्हणून कामातलीच एक गोष्ट सांगते. चाळणी चांगली आहे की नाही हे बघायची एक रीत असते. त्याच माणसाला पंधरा दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. उत्तरं बऱ्यापैकी जुळली पाहिजेत. नाही जुळली तर प्रश्नावली कच्ची. सावलीकडच्या आणि नागभीडकडच्या गावांत आम्ही एकशे साठ लोकांना असं दोनदा विचारलं. विचारणाऱ्या बाया त्या त्या गावच्याच.

एकशे साठातले एकशे सत्तावन्न कागद तंतोतंत जुळले. दहाच्या दहा प्रश्न.

आमच्या प्रमुख चंचल मॅडम खूश झाल्या. त्यांनी पेढे मागवले. सप्टेंबरच्या बैठकीत ही प्रश्नावली मंजूर झाली की ती जंगलाच्या सगळ्या दारांवर आणि आजूबाजूच्या गावांत वापरायची ठरली आहे. गाडीवाले, गाईड, वनमजूर, सगळे. आणि यादी पुन्हा मालकांकडे जाणार.

मी पेढा ठेवून दिला आणि कागद पुन्हा काढले. काल काय जेवलो ते माणसाला नीट सांगता येत नाही. पंधरा दिवसांत एखादा तरी विसरेल, एखादा लाजेल, एखाद्याला धीर येईल. इतकं जुळतंच कसं? मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, आफ्रीन, चांगलं झालं की तुला त्रास होतो.

होतो. मी जाऊन बघणार आहे.

आपा


सावली, ११ ऑगस्ट

जुबेर,

दोन दिवस सावलीजवळच्या एका गावात आहे. इथली सुगंधाबाई आमची सगळ्यात जुनी कार्यकर्ती. गावात तिला कोणी नावानं हाक मारत नाही, सगळ्यांची ती काकी किंवा आत्या. कागद मोत्यासारखे लिहिते. फक्त एक खोट होती. कागदावर सुरुवातीची आणि शेवटची वेळ टाकायची असते. दहा प्रश्नांना वीस मिनिटं तरी लागतात. तिच्या कागदांवर चार मिनिटं, पाच मिनिटं.

तिच्या यादीतल्या पोचूकडे मी एकटी गेले. त्याच्या नावावर चार 'हो', दोन्ही वेळा. गांजा. तो बांधावर बसून चिखल धूत होता. मी म्हटलं, पोचूभाऊ, प्रश्न विचारले तेव्हाचं काही आठवतं का? तो म्हणाला, "मले कोणी काईच विचारलं नाई, बाई. सुगंधाबाई आली, पाणी पेली, वसरीत बसून कागद लिवला, गेली."

मग मी विचारले, दहाही. गांजा त्यानं तीन वर्षांपूर्वी सोडलाय. पोरगी झाली त्या साली. गावात कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं आणि पुन्हा ओढला तर हसू होईल.

संध्याकाळी सुगंधाबाईला गाठलं. मला वाटलं होतं ती खाली बघेल, रडेल, पैसे कापू नका म्हणेल. ती उलट माझ्यावरच नाराज झाली.

"विचाराचं काय त्यात?" ती म्हणाली. "पोचू काय घेते, कवा घेते, मले सारं मालूम. तोंडावर विचारलं तं त्याले वाटन, बाईनं आपल्याले परकं केलं. परक्याले विचारतेत. घरच्याले काऊन विचाराचं?"

तिनं लबाडी केली नव्हती, जुबेर. तिनं माया केली होती. दोन्ही वेळा तिला जे ठाऊक होतं ते लिहिलं, म्हणून दोन्ही वेळा जुळलं. आम्ही माणसं मोजलीच नाहीत, सुगंधाबाईला दोनदा मोजलं.

मी तिला बरंच बोलले. नियम सांगितले, प्रशिक्षणाची आठवण करून दिली. ती ऐकत होती आणि माझे कान तापत होते. का तापत होते ते मला ठाऊक आहे. आज लिहवत नाही.

आपा


चंद्रपूर, १४ ऑगस्ट

जुबेर,

आज लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून खाडाखोड तशीच राहील.

पहिल्या पत्रात 'प्रश्न विचारायचे ते विचारले' असं म्हणाले ते खोटं होतं.

त्या दिवशी मोहर्लीच्या शिबिरात तू दुसऱ्या कोणासमोर बसायला तयार नव्हतास. आपल्या नातेवाइकाचा कागद आपण भरायचा नाही हा आमचा पहिला नियम. मी म्हटलं, चल, मीच भरते. सात प्रश्न झाले. तुझे दोन 'हो' होते. चिठ्ठीशिवाय कॅप्सूल घेतोस, आणि नाही मिळाली तर अंग मोडून येतं. तू सरळ सांगितलंस, मला आठवतं. मग दुपारच्या फेरीची वेळ झाली, कोणीतरी हाक मारली, तू उठलास आणि 'आलो' म्हणून गेलास.

तीन प्रश्न उरले होते. ते मी भरले.

आठवा होता, सोडायचं ठरवून सोडता आलं नाही असं झालं आहे का. मी 'हो' वर टिक मारली. डिसेंबरात तू अम्मीला शब्द दिला होतास की आता एकही गोळी नाही. जानेवारीत तुझी पँट धुवायला घेतली तर खिशात तीन रिकाम्या पट्ट्या. मला वाटलं, मला माहीत आहे. नववा नाही, दहावा नाही. बेरीज तीन.

ती टिक नसती तर बेरीज दोनच होती. दोनवाल्यांची नावं यादीत नव्हती.

म्हणजे तुझी किल्ली गुणवंतरावांनी काढून घेतली, पण तिच्यावर पहिला हात माझा होता. पाच महिने मी हे लपवलं. तू अम्मीसमोर ओरडलास तेव्हाही मी गप्प होते आणि मनात म्हणत होते, ओरडू दे, खरं ते खरंच आहे.

लहानपणी डॉक्टर तुला विचारायचे कुठं दुखतं, आणि सांगायची मी. पाहुणे विचारायचे कितवीत आहेस, सांगायची मी. सगळे हसायचे, तूही हसायचास. मला त्याचा अभिमान होता. आठव्या प्रश्नावर मी क्षणभरही थांबले नाही, पेन आपोआप गेलं. सुगंधाबाईला नियम शिकवायला गेलेली मी.

मला माफ कर. हे मी चांगलं दिसावं म्हणून लिहीत नाही. माझी चूक होती, तिच्यापायी तुझं काम गेलं, आणि मला त्याची लाज वाटते. बैठक वीस सप्टेंबरला आहे. तिथं मी हे सगळं सांगणार आहे, माझ्या नावासकट. तोवर गप्प बसून राहणार नाही.

आपा


नागभीडहून परतताना, ८ सप्टेंबर

जुबेर,

काल आणि आज तुझ्याच गावात होते. गॅरेजच्या समोरून दोनदा गेले. तू एका ट्रॅक्टरखाली होतास, फक्त पाय दिसले. आत आले नाही. न विचारता आत यायचं नाही असं मी ठरवलं आहे.

काय चाललंय ते ऐक. बैठकीत नुसतं 'माझी चूक झाली' म्हटलं तर एका बाईची चूक म्हणून फाईल बंद होईल. मला दाखवायचं होतं की चूक पद्धतीत आहे. म्हणून मी कार्यकर्त्यांची अदलाबदल केली. सावलीची सुगंधाबाई इकडच्या गावांत आणि इकडची बुधरी सावलीकडे. जिथं त्यांच्या ओळखीचं कोणी नाही, तिथं. घराबाहेर, झाडाखाली, दोघंच, आणि कागद त्या माणसाच्या नजरेसमोर. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी, संस्थेच्या परवानगीनं पण संस्थेच्या गाडीशिवाय. एस.टी.नं हिंडलो. माझ्या चपलेचा पट्टा तुटला तो बुधरीनं तारेनं बांधला, अजून तसाच आहे.

चाळीस माणसं झाली. सतरा जणांचे गुण बदलले. पाच जणांचे उतरले, बारा जणांचे चढले. बारा, जुबेर. ज्यांना आम्ही ठीक समजून सोडून दिलं होतं. त्यातला एकजण खोकल्याच्या औषधाच्या तीन बाटल्या दिवसाला संपवतो. त्याच्या पहिल्या कागदावर सगळे 'नाही', कारण बुधरी त्याची मावसबहीण लागते आणि तिला तो देवमाणूस वाटतो.

सुगंधाबाई यायलाच तयार नव्हती. परक्या गावात मी कोणाच्या दारात जाऊ म्हणाली. काल संध्याकाळी एस.टी.ची वाट बघताना माझ्याजवळ येऊन बसली. बराच वेळ पदर चुरगाळत होती.

"एका बाईनं मले सारं सांगतलं," ती म्हणाली. "नवऱ्याले नाई, सासूले नाई, मले. मी तिची कोणीच नाई म्हणून. आपल्या गावात मी किती जणाईले बोलूच नाई देल्लं, काय माहीत."

दोघी बसून राहिलो, एस.टी. उशिरा आली.

आपा


चंद्रपूर, २१ सप्टेंबर

जुबेर,

झालं.

बैठकीच्या आधी मी चंचल मॅडमना सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. त्या वाईट नाहीत, हे लक्षात ठेव. मला या कामात त्यांनीच आणलं. म्हणाल्या, अदलाबदलीचे आकडे मांड, मी पाठीशी आहे. पण भावाचा कागद काढून टाक. चारशेतला एक कागद, कोणाला कळणारही नाही. तू तो स्वतः भरलास असं बोललीस तर मला तुला ठेवता येणार नाही.

मला नोकरी हवी होती. अब्बांच्या डोळ्यांचा खर्च, घराचं गळकं छप्पर, सगळं एकदम आठवलं. पण मग मी खोलीत गेल्यावर काय सांगणार होते? गावातल्या बायांनी न विचारता कागद भरले? आणि माझा तेवढा गाळून? सुगंधाबाई दाराशी बसली होती, तिला मी बोलावून आणलं होतं.

मी उभी राहिले. आधी आकडे सांगितले. मग म्हटलं, मोहर्लीच्या शिबिरातला एक कागद माझ्या सख्ख्या भावाचा आहे, त्यातले शेवटचे तीन प्रश्न मी त्याला न विचारता भरले, त्यामुळे तो यादीत गेला आणि त्याचं काम गेलं. कागद आणि माझी सही टेबलावर ठेवली. आवाज लटपटला नाही. अब्बांसारखा निघाला, जरा मोठाच.

दोन तास चर्चा झाली. ठरलं ते असं. प्रश्नावली आत्ता कुठंच वापरायची नाही. सगळं पुन्हा तपासायचं, विचारणारा परक्या गावचा, उत्तर देणारा एकटा. यादी कोणत्याही मालकाला जाणार नाही, नावं फक्त डॉक्टरकडे. मोहर्लीची यादी मागे घेतली, तसं पत्र सगळ्या मालकांना गेलं.

माझा करार या महिन्याअखेर संपतो, पुढे वाढवणार नाहीत. मॅडमनी जाताना माझा हात धरला. मला वाईट वाटतंय. रडलेही. पण पुन्हा करायची वेळ आली तर हेच करीन.

आणि आज सकाळी गुणवंतरावांचा फोन आला. म्हणाले, "पावसाळा सरून जंगल उघडते त्या दिवशी पोराले पाठवून द्या, गाडी त्याचीच हाय." तुझी किल्ली तुझ्यासाठी ठेवली आहे, जुबेर. तुझी चूक नव्हती, हे आता कागदावर आहे. ये.

आपा


चंद्रपूर, २९ सप्टेंबर

जुबेर,

तुझं पत्र काल आलं. पाच वेळा वाचलं. अम्मीला वाचून दाखवलं नाही, ते तुझं तू ठरव.

तुझे शब्द मी इथं उतरवून घेते, कारण मला ते माझ्या हातानं लिहायचे आहेत. "आपा, तू मांगलेली माफी पोचली. पण ते टिक बराबर होती. पाच वेळा सोडलं, पाच वेळा पुन्हा घेतलं, आता दिवसाले आठ लागतेत. त्या दिवशी मी गाडीपाशी गेलो तं पाहुणे आलेच नव्हते. दहा मिनिट तिथीच उभा होतो. वाटलं तू बलावशीन, मंग तुले सांगून टाकतो. तू मान खाली घालून लिवून राह्यली होती. मले वाटलं हिले मालूमच हाय, आता काय सांगाचं. गुणवंतरावले म्हणा, मी गाडीवर बसत नाई. मांगं सहा माणसं असतेत. मले इथी कोणी विचारत नाई, तू विचारशीन का?"

मी तुझ्या किल्लीसाठी भांडत होते आणि तू तिथं गाडीपाशी उभा होतास. दहा मिनिटं. मान वर केली असती तर दिसला असतास.

आधी कामाचं. गुणवंतरावांना मी कळवलं की तू आत्ता येणार नाहीस. कारण सांगितलं नाही, ते सांगायचं की नाही हे तुझ्याकडे. बैठकीत बोलले त्यातला एकही शब्द मी मागे घेणार नाही. टिक बरोबर निघाली म्हणून ती तुझी होत नाही. उलट आता मला जास्त पक्कं वाटतं. न विचारता मला खरं कळलं होतं आणि त्या खऱ्याचा तुला काडीचा उपयोग झाला नाही, नुसतं काम गेलं.

इथल्या सरकारी दवाखान्यात याच त्रासाचे डॉक्टर बसतात. त्यांच्याशी मी तुझं नाव न घेता बोलून आले. एकदम बंद करू नकोस, अंगावर येतं, हळूहळू कमी करतात, असं त्यांनी सांगितलं. एवढं मात्र ऐक. बाकी जायचं का, कधी जायचं, मला सोबत घ्यायचं की नाही, हे तू सांगशील तसं.

अम्मीनं विचारलं, नागभीडला चाललीस तर जुबेरसाठी डब्यात काय देऊ. दालचा, असं माझ्या तोंडावर आलं होतं. म्हटलं, माहीत नाही, त्याला विचारते. अम्मी माझ्याकडे बघतच राहिली.

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं येते. प्रश्नावली आणणार नाही, पेनही नाही. गॅरेजच्या बाहेर थांबेन, तू हात धुऊन ये. मग मी तुला आठवा प्रश्न विचारीन, आणि तुझं बोलून होईपर्यंत तोंड उघडणार नाही.

आपा